सुट्टीत दम जातो कुठे?

सातव्या मिनिटाला माझा बाजार उठला! आमच्या ऑफिसातल्या मुली दर गुरुवारी टर्फवर फाइव्ह-अ-साइड फुटबॉल खेळतात. मी मिडफिल्डला. म्हणजे काम एकच, पळणं. त्या दिवशी पास बरोबर जात होते, बॉल पाय ओळखत होता. छातीनं मात्र ओळख दाखवली नाही. कमरेवर हात ठेवून मी बाहेर.

कारण उघड होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सहा आठवडे सुप्याला होते. लॅपटॉप, आईच्या गोळ्या, काकूच्या हातची बाजरीची भाकरी. व्यायाम शून्य. एकदाच मयूरेश्वर अभयारण्याकडे चक्कर मारली, तर समोरून चिंकारा टणाटण उड्या मारत गेले. त्यांना कुठली आलीय सुट्टी!

पुण्यात परतल्यावर जरा वाचलं. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा म्हणजे 'व्हीओटू मॅक्स'. आपल्या भाषेत, दम. अमेरिकेत एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंचा सराव थांबवून तो मोजला होता. 1984 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पहिल्या तीन आठवड्यांतच 7 टक्के घसरण, आठ आठवड्यांनी 16 टक्के! आधी कमी होतो तो रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा. मग हृदयाच्या दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी. स्नायू त्यानंतर ढिले पडतात.

फुटबॉलमध्ये हे लगेच जाणवतं, कारण वरच्या दर्जाच्या सामन्यात एक महिला खेळाडू साधारण दहा किलोमीटर पळते. त्यात आपल्या मुलींची शिल्लक मुळातच कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, तर दम येणार कुठून?

माझं ठीक आहे हो, चार गुरुवार धापा टाकीन. पण पुढच्या शनिवारी आईला बघायला गेले, तर धाकटी चुलतबहीण तोंड पाडून बसलेली. कॉलेजच्या टीममध्ये खेळते. "ताई, बारावी आहे म्हणून वर्षभर बॉल माळ्यावर."

काका म्हणाले, "नंतर खेळेल की! पळून जातंय का?"

हो, काका, कधीकधी जातं. 17 वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप नोव्हेंबर 2020 मध्ये भारतात व्हायचा होता. कोरोना आला, स्पर्धा आधी पुढे ढकलली, मग रद्द झाली. 2022 मध्ये ती झाली, फायनल आपल्या नवी मुंबईत. पण तोवर 2003-04 मध्ये जन्मलेल्या मुली वयात बसेनात. गेलेला दम परत कमावता येतो. वय नाही.

काका गप्प. मग मी त्यांच्या भाषेत सांगितलं, "विहिरीत पाणीच कमी असेल, तर मोटार कितीही हॉर्सपॉवरची असो..."

"धार बारीकच येणार," काका म्हणाले. सुप्याच्या जिरायती शेतकऱ्याला हे काय शिकवायचं!

लोहा गरम होता. लगेच रॉबर्ट हिक्सन यांचे 1980 च्या दशकातले प्रयोग सांगून टाकले. आठवड्यातून सहा दिवसांचा सराव दोन दिवसांवर आणला, तरी 15 आठवडे दम टिकून राहिला. मिनिटं कमी केली, तरी टिकला. जोर कमी केला, तेव्हा मात्र घसरला. म्हणजे दिवस कापा, वेळ कापा, वेग कापू नका. आरामात रमतगमत चालणं वेगळं, छाती भरून येईल असं पळणं वेगळं.

काकांनी बराच वेळ चहा ढवळला. "मंगळवार आणि रविवार. अर्धा तास. क्लास बुडाला तर बॉल परत माळ्यावर." धाकटी उडालीच! चिंकारासारखी.

बारावी असो, लग्नसराई असो, अप्रेझल असो, ब्रेक प्रत्येकीच्या वाट्याला येणारच. फक्त त्या ब्रेकमध्ये दोन दिवस राखून ठेवा. मी सध्या अकराव्या मिनिटापर्यंत पोचलेय. तुमचा बॉल कुठल्या माळ्यावर आहे?