फोनमधला आवाज ऐकणार कोण?

दादरच्या पुलावर असताना गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा होते. आपण वैतागतो आणि धावत सुटतो. स्वमग्न (ऑटिस्टिक) तरुणाला मात्र गोंगाट, धक्के आणि त्यात ठरलेले बिनसणे, एवढ्यानेही काही सुचेनासे होऊ शकते. अशा वेळी फोनवर पुढच्या गाडीची वेळ दिसली आणि 'गाडी चुकली तर काय करायचे' याची घरी बनवलेली चित्रमालिका हाताशी असली, तर तो एकटाही घरी पोहोचू शकतो. एम-इंडिकेटर काही स्वमग्नांसाठी बनलेले नाही. पण उपयोगी पडणारे प्रत्येक साधन 'खास' असावे लागत नाही.

ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीत तयार झालेले 'जेलो' मराठीत आणि मोफत आहे. चित्रावर बोट ठेवले की फोन बोलतो. चेन्नईत तयार झालेले 'आवाज'ही याच जातीचे. फोन बोलू लागला तर मूल बोलणे सोडून देईल, ही पालकांची भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उलट अनेकांचे बोलणे थोडे वाढलेले दिसते. खरी अडचण पुढे येते. मुलगा बावीस वर्षांचा होतो, तरी त्याच्या फोनमध्ये शब्द 'भूक', 'पाणी', 'शू' एवढेच असतात. 'मला हात लावू नका', 'माझा पगार किती?', 'मला नाही यायचे' ही वाक्ये कोणी घातलेलीच नसतात. ती घालायला हवीत, आणि कोणती हे त्यालाच विचारून.

'स्वमग्न' हा शब्दही थोडा अन्यायच करतो. अनेकांना माणसे हवी असतात. फक्त नजरेला नजर देत झटपट उत्तर देणे जमत नाही. लिहून बोलताना विचार करायला वेळ मिळतो. इतरत्र होणाऱ्या छळाला कंटाळलेल्या स्वमग्न मुलांसाठी कॅनडातल्या स्टुअर्ट डंकन यांनी 2013 मध्ये माइनक्राफ्ट या खेळाचा 'ऑटक्राफ्ट' हा राखीव सर्व्हर सुरू केला. खेळता खेळता तिथे मैत्री होते. अर्थात ऑनलाइन जगात फसवणारेही भेटतात. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे रस्ता ओलांडण्याइतकेच नेमाने शिकवावे लागते.

त्याच फोनमध्ये पालक मुलाचा ठावठिकाणा दाखवणारे ॲपही टाकतात. काळजी समजते. पण अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला न सांगता ते चालू ठेवणे ही पाळतच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे करण्याची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली आहे. बँकेच्या खिडकीवर मात्र प्रश्न अजून सोबतच्या आईलाच विचारला जातो. तो त्या तरुणाला विचारावा आणि त्याचे उत्तर टाइप होईपर्यंत थांबावे. फार तर मिनिटभर लागेल.