जिथे उंटही कचरतात, तिथली मगर

नातवाच्या चित्रांच्या पुस्तकात एक मगर आहे. शेजारी बस काढलेली, आणि दोन्हींची लांबी सारखी. "दादाजान, हे खरं आहे?" त्याने विचारलं. मी मान डोलावली. मग शोधायला बसलो, तेव्हा कळलं की घाईच झाली.

तिचं नाव सार्कोसुकस. आजच्या मगरींची ती पूर्वज नव्हे, दूरच्या घराण्यातली नातलग. आफ्रिकेतल्या नायजर देशात अगादेझ शहर आहे, मातीच्या उंच मिनारासाठी प्रसिद्ध. तिथून पूर्वेला तेनेरेचं वाळवंट लागतं आणि त्यात गदूफावा. तुआरेग लोकांच्या भाषेत याचा अर्थ, जिथे जायला उंटही कचरतात अशी जागा. आता नुसती वाळू. पण सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वी इथून रुंद नद्या वाहत होत्या. त्या पाण्यात ही दबा धरून बसायची.

फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1966 साली तिला नाव दिलं. पुढे पॉल सेरेनो यांच्या तुकडीने 1997 आणि 2000 मध्ये आणखी हाडं खणून काढली. कवटीच पाच फुटांहून लांब, दात शंभरावर, आणि नाकाच्या टोकाला फुगीर गोळा, आपल्या चंबळच्या नर घडियालाला असतो तसा काहीसा. तो कशासाठी, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पाठीवरच्या हाडांच्या ढालींत झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलयं असतात. एका ढालीत ती चाळीसच्या आसपास भरली, आणि ते जनावर अजून पुरतं वाढलेलंही नव्हतं!

आता त्या बसचं. अख्खा सांगाडा हाती नव्हता, म्हणून कवटीच्या लांबीवरून अंगाचा हिशेब केला गेला. 2001 मध्ये उत्तर आलं अकरा-बारा मीटर, वजन आठ टन. पुस्तकांनी ते उचललं. पण अशा निमुळत्या, लांबट थोबाडावरून अंदाज फुगतो. 2019 मध्ये डोक्याची रुंदी धरून पुन्हा मोजलं, तेव्हा लांबी नऊ मीटरच्या जवळपास आली आणि वजन निम्म्यावर. आजची सर्वात मोठी खाऱ्या पाण्यातली मगर सहा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे तरीही ही दीडपट.

नातवाला बोलावून सांगितलं, मघाशी मी चुकलो. त्याचा चेहरा उतरला. बारा मीटर त्याला फार आवडले होते. थोड्या वेळाने पट्टी घेऊन आला. "नऊ मीटरची आपल्या बैठकीत मावेल?"

मोजलं. शेपूट त्याच्या दादीच्या चुलीपर्यंत जात होती.