जयंतीच्या दिवशी घरातली बाई कुठे असते?



मार्च महिना लागला की आमच्या शिरोळ तालुक्यात समाजमंदिरातून बैठका सुरू होतात. पावती पुस्तके छापून येतात. कारखान्यातला कामगार, इचलकरंजीला यंत्रमागावर जाणारा भाऊ, रोजगाराने शेतात राबणारी बहीण, प्रत्येकजण ऐपतीप्रमाणे वर्गणी देतो. जयंती कमिटीचा जमाखर्च लिहायचे काम बहुधा आमच्याकडे येते. बी.कॉम. झाल्याचा समाजाला एवढा तरी उपयोग! हे कागद लिहिताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. मांडव, फुले, डिजिटल बोर्ड आणि सर्वांत मोठा आकडा डॉल्बीचा. महिला व मुले या नावाखाली काय? संगीत खुर्चीची बक्षिसे. बस्स.

मिरवणूक निघाली की रस्त्यावर तरुण पोरे असतात. आया-बहिणी कुठे असतात? आम्ही एका आक्कांना विचारले, "आक्का, मिरवणूक बघायला आला नाही?" त्या म्हणाल्या, "दादा, जेवणाची डेग काय तुम्ही उतरिवणार हाय व्हय?" ऐकणारे सगळे हसले. पण वाचकहो, हा प्रश्न हसून सोडण्यासारखा नाही. सण म्हणजे पुरुषाला सुट्टी आणि बाईला दुप्पट काम, हे जुन्या चालीचे झाले. आपण चाल बदलली ना? मग हे का बदलले नाही?

आपली चळवळ कधीच एकट्या पुरुषांची नव्हती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांशी मुद्दाम वेगळे बोलले. १९४२ च्या जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो स्त्रिया आल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर माणसे गेली ती लेकराबाळांसह, शिदोरी बांधून. म्हणजे आपला सण हा सगळ्या कुटुंबाने मिळून घराबाहेर पडण्याचा सण आहे. डेगीजवळ बसून राहण्याचा नव्हे.

आणि बाहेर पडायचे तर आपला कोल्हापूर जिल्हा किती भाग्यवान! दूर जायला नको. तिकिटाला फार पैसेही नकोत. वर्षाचे सण आम्ही इथे ओळीने मांडतो. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

पहिली खूण २१ आणि २२ मार्चला. १९२० साली याच दोन दिवशी कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. वय अठ्ठावीस. राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर राहिले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी लोकांना सांगितले. परतण्यापूर्वी बाबासाहेबांना त्यांनी रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला बोलावले. ज्या काळात आपली सावलीही चालत नव्हती त्या काळात छत्रपतींच्या पंगतीचे हे आमंत्रण होते! याच परिषदेत शाहू महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करावा असा ठराव झाला. आपल्या भागातल्या परिषदेने आपल्याला दिलेला हा सण आहे.

२०२० साली परिषदेला शंभर वर्षे भरली, पण नेमका २२ मार्चला कोरोनामुळे देशभर जनता कर्फ्यू होता. तेव्हा घरी बसावे लागले. आता कसली अडचण आहे? जयसिंगपूरहून कोल्हापूरच्या पॅसेंजरमध्ये बसले की हातकणंगल्याच्या पुढे रुकडी स्टेशन लागते, तिथून माणगाव जवळच. ६ डिसेंबरला मुंबईला जाऊन आलेली कितीतरी कुटुंबे आमच्या ओळखीची आहेत. त्यांतल्या कितीजणांनी माणगाव पाहिले आहे, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

एप्रिलमध्ये ११ तारखेला महात्मा फुले आणि १४ ला बाबासाहेब. डॉल्बीविषयी आम्ही लिहिले की तरुण मंडळी रागावतात. त्यांचा उत्साह आम्हाला नको आहे असे नाही. उत्साहच नसेल तर जयंती कसली? पण घरात तान्हे मूल आहे, म्हाताऱ्या आजी आहेत, छातीत धडधड होते म्हणून बाई दार लावून आत बसते. तिने दिलेल्या वर्गणीतूनच तिला घरात कोंडल्यासारखे होते. कायद्याने वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर भोंगा बंद ठेवावा लागतो. गुन्हा दाखल झाला की कोर्टाच्या तारखा आपल्याच पोरांना पडतात. त्यापेक्षा जलसा आणा, भीमगीतांचा कार्यक्रम ठेवा. भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादांच्या गाण्यांनी अडाणी माणसाला शहाणे केले. तिथे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना मांडी घालून बसता येते.

वैशाखात बुद्धपौर्णिमा येते. विहारात वंदना आणि खीरदान, एवढा साधा दिवस. मुलांना पांढरे कपडे घालून सकाळीच न्यावे. ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन. २०२२ साली शंभरावा स्मृतिदिन आला तेव्हा कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले होते. मग २६ जूनची शाहू जयंती, माणगावने सणासारखी करा म्हणून सांगितलेली. त्या दिवशी कोल्हापूरला जावे. कसबा बावड्यातला लक्ष्मी-विलास पॅलेस हे महाराजांचे जन्मस्थळ. तिथून दसरा चौकात यावे, पुतळ्याला वंदन करावे, शाहू स्मारक भवनात काही व्याख्यान असेल तर ऐकावे. मुलींना आवर्जून सांगावे की सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा या राजाने १९१७ साली केला आणि स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा १९१९ साली केला. पुस्तकात वाचलेले त्या जागेवर उभे राहून ऐकले की विसरत नाही.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. पावसात फिरताना पिके आणि जीवजंतू तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खू एका जागी राहात. आपल्या तालुक्याला पावसात एका जागी अडकून पडणे वेगळे सांगायला नको! कृष्णा-पंचगंगेचे पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली घरादारात शिरले, हे आपण सोसले आहे. पण पाणी नसते त्या वर्षी विहारात रोज संध्याकाळी तासभर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचावा. वाचन सुनांनी आणि शाळकरी मुलींनी करावे. वाचणारी पुढे बसते आणि सगळे तिचे ऐकतात. हा मान लहान नाही.

दसऱ्याला दसरा चौकात कोल्हापूरचा शाही दसरा असतो. आपल्याला मात्र त्या दिवशी अशोक विजयादशमी. १९५६ साली दसरा १४ ऑक्टोबरला आला होता, म्हणून तिथी आणि तारीख दोन्ही आपल्या. नागपूरला जाणे सर्वांना परवडत नाही. गावच्या विहारात सर्वांनी मिळून बावीस प्रतिज्ञा म्हणाव्यात, त्याही नवरा-बायकोने शेजारी उभे राहून.

डिसेंबरात ६ तारखेचे अभिवादन झाले की ९ तारीख ध्यानात ठेवावी. १९५० साली ९ डिसेंबरला कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले. बाबासाहेब हयात असताना त्यांचा पुतळा उभारण्याचे धाडस कोल्हापूरने केले. बाजाराला आपण त्या चौकातून दहा वेळा जातो. एकदा मुलांना घेऊन थांबावे.

आता कमिटीच्या बांधवांना चार सूचना. पहिली, स्वयंपाक पुरुषांनी करावा. लग्नात डेग उतरवणारे आचारी पुरुषच असतात, तेव्हा जमत नाही हे आम्ही ऐकून घेणार नाही. दुसरी, मांडवातल्या पहिल्या दोन ओळी बायका-मुलांना ठेवाव्यात. तिसरी, कार्यक्रमाच्या जागी स्त्रियांसाठी संडास-मुतारीची सोय आधी बघावी, मग हारतुऱ्यांची. सोय नसते म्हणून किती बहिणी सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे कमिटीला कोणी सांगत नाही. चौथी, डॉल्बीच्या पैशातून थोडे बाजूला काढून एक एस.टी. ठरवावी आणि कुटुंबांना माणगाव दाखवून आणावे. तेवढेही जमत नसेल तर साध्या एस.टी.ने जावे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धेच.

यंदाच्या जमाखर्चात एक नवी ओळ लिहायची आमची इच्छा आहे: माणगाव सहल, बायका-मुलांसह. बैठकीला जाल तेव्हा हा विषय काढा. आणि बैठकीला घरातल्या बाईलाही घेऊन जा, म्हणजे तो विषय मागे पडणार नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.