वजन वाढलंय. बरं मग?

दिवाळीला राजुरीला गेलो. आळेफाट्यावर एसटीतून उतरलो तोच ओळखीचे एक अण्णा म्हणाले, "काय रे, लईच सुटलास की!" घरी आत्याही पोटाकडे बघून हसली.

दोन वर्षं मी जवळजवळ उपाशी जगत होतो. तेव्हा हीच मंडळी "काय फिट झालायस!" म्हणायची. आजारी होतो तेव्हा शाबासकी, बरा होतोय तर टोमणे. वा रे न्याय!

१९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव भागाने उतरलं. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर अनेकांचं वजन मूळच्याही वर गेलं, चरबी आधी चढली. पुढे कित्येक महिन्यांनी गाडी रुळावर आली. शरीर बॅकअप रिस्टोअर करत असतं. मध्येच थांबवलं की सिस्टिम परत क्रॅश!

माझ्या डॉक्टर वजन करतात तेव्हा मी आकड्याकडे पाठ करून उभा राहतो. आकडा त्यांना कळतो, मला नाही. गावालाही तो कळायची गरज नाही. माणसाला "जेवलास का?" एवढंच विचारा. काटा आळेफाट्याच्या बाजारात कांद्यासाठी राहू द्या.