टँकर आला, पण झऱ्याचं काय?

पावसाळ्यात कसारा लोकलच्या खिडकीतून डोंगरावरचे ओहोळ बघितलेत ना? रील तर हमखास झालं असेल! आता एप्रिल-मेमध्ये त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर जा. टँकरच्या वाटेवर हंड्यांची रांग दिसेल. मुंबईला जवळपास निम्मं पाणी देणारं भातसा धरण याच तालुक्यात आहे. तानसाही इथलंच.

मग एवढा पाऊस जातो कुठे? सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे एकावर एक थर. भेगा असलेल्या थरात पाणी मुरतं, खाली कठीण खडक लागला की आडवं सरकतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. वरची झाडं तुटली, माती धुपली, की पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. जुलैत ओहोळ फुगतो, उन्हाळ्यात झरा आटतो.

टँकर आजची तहान भागवतो, तो हवाच. पण वरच्या उताराकडे कोण बघणार? सिक्कीमने २००८ मध्ये ‘धारा विकास’ सुरू केलं. झऱ्यांची नोंद केली, वरच्या उतारावर चर खणून पाणी मुरवलं. तिथला खडक वेगळा आहे, पण ही सुरुवात आपल्याकडेही करता येईल.

एनएसएसचं शिबिर अशा गावात आहे? मग झऱ्यांची यादी करा. कुठला झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे पाड्यावरच्या बायकांना तोंडपाठ असतं. त्यांच्याकडून ते कागदावर उतरवा आणि त्यांच्यासोबतच ग्रामसभेत मांडा.