सालदार ठेवायचा आणि हंगामी माणूस तोडायचा?



कोरडवाहू शेती करणाऱ्याला हे गणित शिकवावे लागत नाही. वर्षभर एखादा सालदार ठेवता येतो. पण निंदणीला, कापूस वेचणीला, ज्वारीच्या सोंगणीला जास्तीची माणसे लागतात. ती बारा महिने पोसता येत नाहीत आणि ऐन हंगामात आयती मिळतही नाहीत. म्हणून शहाणा शेतकरी त्यांच्याशी वर्षभर संबंध राखतो. लष्करापुढेही हाच प्रश्न असतो. पैसा आटला तेव्हा अमेरिकेतल्या लोकप्रतिनिधींनी या प्रश्नावर काय केले, ते समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत नॅशनल गार्ड नावाचे अर्धवेळ सैन्य आहे. त्याची मुळे १६३६ सालच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या गावपथकांपर्यंत जातात. यातला जवान एरवी शेतकरी असतो, शिक्षक असतो, मेकॅनिक असतो. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे त्याचे प्रशिक्षण होते. वादळ-पूर आला की राज्याचा गव्हर्नर त्याला बोलावतो, युद्ध आले की राष्ट्राध्यक्ष. २००५ च्या कॅटरिना वादळात असे सुमारे ५० हजार जवान मदतीला उतरले. पुढे अफगाणिस्तानात मिसूरी, टेक्सास, इंडियाना अशा राज्यांतून गार्डची शेती पथके गेली. माती, पाणी, जनावरे, धान्याची साठवण यांची जाण असलेली माणसे त्यांत होती. असले ज्ञान छावणीत तयार होत नाही, ते शिवारातूनच यावे लागते.

२०११ साली तिथे सरकारी खर्चाला कात्री लावणारा कायदा झाला. २०१२ च्या फेब्रुवारीत हवाई दलाने आपली योजना मांडली. पूर्णवेळ दलातून ३,९०० माणसे कमी करायची आणि हवाई गार्डमधून ५,१००. गार्डचे संख्याबळ पूर्णवेळ दलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पण कपातीचा मोठा वाटा त्याच्याच माथी! असे का? हिशेब मांडणारे राजधानीत बसले होते आणि ज्यांचे कापायचे ते दूरच्या राज्यांत होते. दूरचा माणूस कापायला सोपा असतो. हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

पण तिथली राज्ये गप्प बसली नाहीत. गव्हर्नर पक्षभेद विसरून एकत्र आले. संसदेतल्या गार्ड-समर्थक सदस्यांचा गट दोन्ही पक्षांचा होता. संसदेने ती योजना आहे तशी मान्य केली नाही. २०१३ च्या जानेवारीत मंजूर झालेल्या कायद्याने हवाई दलाच्या रचनेवर स्वतंत्र आयोग नेमला. आयोगाने वर्षभरात हिशेब मांडला आणि २०१४ च्या जानेवारीत उलटच शिफारस केली. अर्धवेळ जवानांचा वाटा ३५ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंत वाढवा, असे आयोगाने सांगितले.

लगेच भूदलाचा वाद उभा राहिला. जुनी टेहळणी हेलिकॉप्टरे मोडीत काढायची आणि त्यांच्या जागी गार्डकडची सगळी अपाची हेलिकॉप्टरे पूर्णवेळ सैन्याकडे न्यायची, असा बेत होता. बचतीचा मुद्दा खोटा नव्हता. पण एकदा यंत्र गेले की वैमानिक जातो, मग दुरुस्ती करणारा जातो, आणि पुन्हा उभे करायला दहा वर्षे लागतात. बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली तर या वर्षी पोट भरते, पण पुढल्या पेरणीला काय? इथेही संसदेने २०१४ च्या डिसेंबरात आयोग नेमला. आयोगाने २०१६ च्या जानेवारीत मधला मार्ग सांगितला: गार्डकडे अपाचीच्या चार बटालियन ठेवा, प्रत्येकी १८ हेलिकॉप्टरांच्या.

हे सारे देशप्रेमापोटीच झाले, असे समजण्याइतके भोळे आम्ही नाही. गार्डचे तळ गावोगावी आहेत, तिथे नोकऱ्या आहेत, मते आहेत. आपल्या मतदारसंघातला तळ वाचवायला प्रत्येक सदस्य धावतो, मग तो उपयोगाचा असो वा नसो. शिवाय अर्धवेळ जवान प्रत्येक कामाला पुरत नाही. ज्या तुकडीला काही तासांत निघायचे असते, तिथे सालदारच हवा. म्हणून केवळ ‘आमचे वाचवा’ अशी हाकाटी पुरत नाही. ‘पूर्ण हिशेब मांडा, तोही त्रयस्थाकडून, आणि तोवर कापू नका’ ही मागणी टिकते. तिथे तीच टिकली.

दुसरी गोष्ट कायद्याच्या संरक्षणाची. १९९४ च्या कायद्याने तिथे सेवेवरून परतलेल्या जवानाला त्याची नोकरी परत द्यावी लागते. हे नसते तर घरदार सांभाळणारा माणूस गणवेश चढवायला तयार झाला नसता.

आपल्याकडेही १९४८ च्या कायद्याने प्रादेशिक सेना आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, २०१७ साली तिची पर्यावरण बटालियन उभी राहिली. उजाड माळावर झाडे लावून ती जगवणे हे तिचे काम. असे काम दोन-चार वर्षांत फळ दाखवत नाही, म्हणून काटकसरीच्या वर्षी त्यावरच आधी नजर जाते. आपल्या आमदार-खासदारांना तिचा हिशेब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

जिल्हा बैठकीत एवढेच ठरवू या. कोणतीही कपात जाहीर झाली की रडायचे नाही आणि भीक मागायची नाही. तीन आकडे मागायचे: कोणाचे किती कापले, त्यातून किती वाचले, आणि पुन्हा उभे करायला किती लागतील. तिसरा आकडा सरकार आपणहून कधी सांगत नाही. तो आपल्यालाच काढायला लावावा लागेल.