अहेरीच्या मुलांना यंत्रापर्यंत पोचू द्या

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या पहाडातले लोहखनिज वर्षानुवर्षे ट्रकांनी आलापल्लीमार्गे वाहिले गेले. त्या ट्रकांनी रस्ते उखडले, अपघात घडवले, पण शेकडो पोरांना ड्रायव्हर-हेल्परचे कामही दिले. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशा सुमारे ८५ किलोमीटरच्या स्लरी पाइपलाइनचे उद्घाटन झाले. त्याच वेळी कोनसरीला एकात्मिक पोलाद प्रकल्पाचे भूमिपूजनही झाले. नळातून खनिज वाहू लागले की ट्रकवरच्या हेल्परचे काम कमी होणार. पंप, मोटारी, व्हॉल्व्ह आणि जोडकाम सांभाळणारे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर मात्र लागणारच. ते अहेरी-एटापल्लीचे असतील की बाहेरून येतील, हे आज ठरते आहे.

अहेरीत शासकीय आयटीआय आहे. कोणत्याही आयटीआयमधला फिटरचा नवा विद्यार्थी पहिले काही आठवडे वाइसमध्ये पकडलेला लोखंडी तुकडा कानशीने घासत असतो. गुण्या लावायचा, तुकडा उजेडाकडे धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचे. हाताला फोड येतात, कंटाळा येतो. पण पुढे बेअरिंग बसवताना लागणारा अंदाज याच घासण्यातून येतो. ही शिस्त पुस्तकातून येत नाही, आणि ज्या वर्कशॉपमध्ये निदेशक नाही किंवा यंत्र बंद पडून आहे, तिथे तर मुळीच येत नाही. म्हणून निदेशकाचे एकेक रिक्त पद भरणे हे एखाद्या नव्या इमारतीच्या उद्घाटनापेक्षा मोलाचे आहे.

फिटर, इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्याला दहावी लागते. वेल्डरचा एका वर्षात होतो आणि आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो. आश्रमशाळेतून मधेच बाहेर पडलेल्या माडिया आदिवासी मुलासाठी हे दार फार महत्त्वाचे आहे.

अडचण दाराशी पोचण्याची आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हे दर पावसाळ्यात घडते. गर्देवाडा-वांगेतुरी भागातून अहेरीकडे एसटी सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. अशा गावचा मुलगा रोज ये-जा करून व्हर्नियरने मोजायला कसा शिकणार? आयटीआयच्या विद्यार्थ्याला महिन्याला ४० रुपये विद्यावेतन कित्येक वर्षे मिळत होते. सरकारने ते ५०० केले, हे चांगले झाले. पण ५०० रुपयांत अहेरीत खोली भाड्याने घेऊन जेवता येत नाही. आयटीआयच्या मुलामुलींसाठी पुरेशा जागांचे वसतिगृह ही इथली पहिली गरज आहे. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला, कारण राहण्याची सोय नसली की घरातून सर्वांत आधी त्यांचेच शिक्षण थांबवले जाते.

दुसरी बाजू कारखान्याची. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. आजच्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि या हिशेबात कंत्राटी कामगारही धरले जातात. स्थानिकांना प्राधान्य देऊ असे आश्वासन प्रत्येक जनसुनावणीत मिळते; त्यापेक्षा ही तरतूद कितीतरी ठोस आहे. त्यातून मिळणाऱ्या जागांपैकी मोठा वाटा अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा आणि मुलचेरा या पाच तालुक्यांना मिळावा, यासाठी लोकप्रतिनिधींनी आग्रह धरला पाहिजे.

दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. वेल्डरच्या हाताखाली सुरुवात केलेल्यालाही पुढे सुपरवायझर होता आले पाहिजे. कारण त्याच्याच घराशेजारच्या पहाडातले लोखंड वितळवून कारखाना चालणार आहे.

कारखान्याला येत्या तीन वर्षांत कोणत्या ट्रेडची किती माणसे लागणार, याची यादी जिल्हा प्रशासनाने कंपन्यांकडून लेखी घ्यावी आणि पुढच्या प्रवेशफेरीआधी ती अहेरीच्या आयटीआयच्या फलकावर लावावी. मराठीबरोबर माडिया, गोंडी आणि तेलुगूतही ती गावोगावच्या ग्रामसभांत वाचून दाखवावी.